स्टॉक एअरबॉक्ससाठी फिल्टर निवडताना

पोलो जीटी टीएसआय घेतलीस, अभिनंदन! एअर फिल्टर बदलण्याआधी एक ध्यानात घे: स्टॉक एअरबॉक्समध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ फिल्टरच्या डब्यात, नुसता फिल्टर बदलून ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. फार तर इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा आवाज थोडा जास्त ऐकू येईल.

रोज धुळीच्या रस्त्यावरून जायचं असेल तर माझ्या मते कंपनीचा किंवा मान, माहले या ब्रँडचा कागदी फिल्टरच टाक. बारीक धूळ तो चांगली अडवतो, आणि आत गेलेली धूळ टर्बोची पाती आणि सिलिंडर दोन्ही झिजवते. के अँड एनसारखा कॉटनचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो हे खरं, पण धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू दे आणि धूळ धरून ठेवण्यासाठी त्याला लावायचं तेल बेतानंच लाव. जास्तीचं तेल पुढे ओढलं जातं; एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ते सेन्सरवर बसतं आणि रीडिंग चुकतं.

ब्रँडपेक्षा फिटिंग बघ. रबरी कड खोबणीत सगळीकडून घट्ट बसायला हवी. हजारेक किलोमीटरनंतर झाकण उघडून फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरव. धूळ लागली तर फिल्टर कितीही महागडा असो, काढून टाक. आणि कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत बसवू देऊ नकोस, गॅरेजवाला कितीही म्हणाला तरी.