क्रीपच्या (उष्णतेत स्थिर लोडखाली धातू हळूहळू ताणला जाण्याच्या) मॉडेलमध्ये क्रॅकच्या टोकाशी ताण तासागणिक उतरतोय, मॉडेल चुकलंय का? आणि क्रॅकच्या टोकाची तीव्रता मोजायला के (इलॅस्टिक अवस्थेतला आकडा) वापरायचा की सी-स्टार (स्थिर क्रीपमधला आकडा)?

मॉडेल चुकलेलं नाही. ५५० अंश सेल्सिअसवरच्या पी९१ (उष्णता सोसणारं क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद) पाइपवर लोड स्थिर असला तरी टोकाशी ताण उतरायलाच हवा. लोड लावल्या क्षणी तो टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पण क्रीपचा वेग ताणाच्या एन-व्या घाताने वाढतो (एन हा धातूचा क्रीप-घातांक, म्हणजे नॉर्टनचा नियम), म्हणून टोकाशी क्रीप सगळ्यांत आधी होतो, इलॅस्टिक स्ट्रेनची जागा घेतो आणि ताण सैलावतो. स्थिर अवस्थेत घातांक १/२ चा १/(एन+१) होतो. एन ९ धरा: टोकाच्या दहापट जवळ गेलात तरी ताण जेमतेम १.२६ पट होतो. इलॅस्टिक गणितात तो ३.१६ पट झाला असता.

के की सी-स्टार, हे वेळ ठरवते. रीडल आणि राइस यांचं १९८० चं सूत्र आधी वापरा. संक्रमण-काळ (इलॅस्टिक अवस्थेतून स्थिर क्रीपमध्ये जायला लागणारा वेळ) म्हणजे के² × (१ − पॉयसन गुणोत्तराचा वर्ग), भागिले ई × (एन+१) × सी-स्टार; ई म्हणजे धातूचा इलॅस्टिक मापांक. उदाहरणादाखल के २० मेगापास्कल√मीटर, ई १६० गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.३, सी-स्टार दर चौरस मीटरला ताशी १ ज्यूल घेतला, तर उत्तर येतं सुमारे २२८ तास. युनिट महिनोन्‌महिने सलग चालत असेल तर सी-स्टार खुशाल वापरा. रोज बंद-चालू होत असेल तर ही स्थिर अवस्था येतच नाही. तिथे सी(टी), म्हणजे वेळेनुसार बदलणारा तसाच आकडा, घ्या, नाहीतर क्रॅक वाढण्याचा वेग कमी दिसेल, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे.

आता मॉडेल तपासा. कंटूर इंटिग्रलची (टोकाभोवतीच्या एलिमेंटच्या रिंगांवरून हा आकडा काढण्याच्या पद्धतीची) पहिली रिंग सोडून द्या. पुढच्या रिंगांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर संक्रमण-काळ अजून उलटलेला नाही. क्वार्टर-पॉइंट एलिमेंट (मधले नोड टोकाकडे पाव अंतरावर सरकवलेले) इलॅस्टिक गणितासाठी ठीक, क्रीपसाठी नाही. इथे टोकावरचे नोड सुटे ठेवा आणि मिडसाइड (कडेच्या मधले) नोड मध्यावरच राहू द्या.

सगळ्यांत जास्त घोटाळा नॉर्टनच्या स्थिरांकाच्या (क्रीप-वेगाच्या सूत्रात ताणाच्या एन-व्या घाताला गुणणाऱ्या आकड्याच्या) एककांत होतो. मेगापास्कलवरून पास्कलवर आलात की एन ९ ला तो १०⁵⁴ ने भागावा लागतो, आणि सिंगल प्रिसिजनमध्ये (३२-बिट आकड्यांत) त्याचा सरळ शून्य होतो. क्रीपच दिसत नसेल तर आधी हेच बघा. मेगापास्कल, मिलिमीटर, तास एवढंच धरून चाललेलं बरं.

भेग वेल्डच्या उष्णता-बाधित पट्ट्यात असेल तर मूळ धातूचे क्रीप आकडे चालणार नाहीत. पी९१ मध्ये त्या पट्ट्याची बारीक कणांची बाजू क्रीपमध्ये लवकर कमकुवत पडते, टाइप-४ म्हणतात ते क्रॅक तिथेच धरतात. तिथले आकडे वेल्ड जोडाच्या चाचण्यांतूनच घ्या.