वाळवीचं वारूळ आणि आजीची गॅलरी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला, मार्क उत्तम. तिला आर्किटेक्ट व्हायचंय, पण चित्रकलेत तिचं विज्ञान वाया जाईल. झिंबाब्वेच्या हरारेत वाळवीच्या वारुळावरून बांधलेली ऑफिसची इमारत आहे म्हणे. फक्त अशा विज्ञानप्रेरित इमारतींचा कोर्स बारावीनंतर कुठे असतो? नसेल तर कॉम्प्युटर इंजिनीअरिंग नक्की केलंय.
– एक पालक, भांडुप

उत्तर : नक्की केलंय म्हणजे कोणी? दोन पानी पत्रात ‘आम्ही’ अकरा वेळा आलंय. मुलगी बोलते ती एकदाच, तुम्ही ‘हिचे असले उद्योग’ म्हणून जोडलेल्या वहीच्या पानावर. मे महिन्यात गिरगावात आजीच्या चाळीत तिने दर दोन तासांनी थर्मामीटर बघितलाय. गॅलरीत, आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून, दार लावून. खाली पेन्सिलीने लिहिलंय : ‘मागची खिडकी बंद केली की पुढच्या दारातूनही वारा येत नाही. का?’ अहो, तुम्ही ज्याचा कोर्स शोधताय ते हेच!

वारुळाचा आकार उचलला की विज्ञान आलं, हा गैरसमज आधी काढून टाका. हरारेचं ईस्टगेट सेंटर १९९६ साली उभं राहिलं, वास्तुरचनाकार मिक पिअर्स. जाडजूड काँक्रीट आणि विटा दिवसभर उष्णता पोटात घेतात, रात्री पंखे बाहेरची गार हवा आत खेचतात आणि साठलेली उष्णता धुराड्यांतून निघून जाते. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरवर आहे, रात्री गार असतात, म्हणून हे जमतं. तीच इमारत भांडुपला उचलून आणलीत तर मे महिन्यात रात्रीची गार हवा आणणार कुठून? गंमत म्हणजे वारूळ आतून कसं गार राहतं याची तेव्हाची समजूत पुढच्या संशोधनात डळमळली. इमारत मात्र चालतेय, कारण हिशोब हरारेच्या हवेचा होता.

मुंबईचा हिशोब वेगळा. चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची कांचनजंगा (१९८३) तिला बाहेरून दाखवून आणा. इमारत राहण्याची आहे, पण पेच हवेचाच : वारा पश्चिमेचा हवा, आणि दुपारचं ऊन, पावसाचा मारा हेही पश्चिमेचेच. म्हणून घरांना दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या : वारा आत, ऊन-पाऊस बाहेर. चारी बाजूंनी काच लावून एसीवर भार टाकणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं, पण ते असो.

वाट सरळ आहे : बारावीला गणित-भौतिकशास्त्र, नाटा ही प्रवेशपरीक्षा, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता असलेल्या कॉलेजात पाच वर्षांचं बी.आर्क.; मुंबईचं जेजे पसंतीत वर ठेवा. तुमच्या मनातला विषय पदव्युत्तरला निवडता येतो. कॉम्प्युटरचं म्हणाल तर ते तिने मागितलेलंच नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. वहीचं पान परत पाठवतेय. फाडून घेतलेलं दिसतंय, तिला विचारून पुन्हा चिकटवा.