बाबांसाठी साखर मोजणारं घड्याळ घेऊ का?

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात, पण बोट टोचायचा कंटाळा करतात. सुई न टोचता साखर, नाडी, ऑक्सिजन मोबाइलवर दाखवणारं घड्याळ २४,००० रुपयांना, हप्त्यांवर मिळतंय. मेडिक्लेमचा प्रीमियमही याच महिन्यात भरायचाय. कव्हर थोडं कमी करून घड्याळ घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: घेऊ नका. आणि मेडिक्लेमला तर हातच लावू नका.

नाडी मोजायला घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड. तिथवर ठीक. साखरेची खूण मात्र इतकी पुसट असते की पाणी, चरबी, घाम यांत ती हरवून जाते. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशाराच दिला, की त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही. मला काळजी वाटते ती बाबांच्या गोळीची. ग्लिमेपिराइडने साखर ७० च्या खाली जाऊ शकते. बाबांना दरदरून घाम फुटलाय आणि घड्याळ १३० दाखवतंय, तर घरचे साखर द्यायला उशीर करतील.

आता हिशोब. बोट टोचून साखर तपासायची स्ट्रिप २० रुपयांना धरली, तर रोज एक म्हणजे वर्षाला ७,३००. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी), ५०० रुपयांप्रमाणे २,०००. डॉक्टरांनी सांगितलं तर दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर, साधारण ५,०००. (त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो, म्हणून त्याच्या आकड्याला अर्थ असतो.) सगळं मिळून १४,३००, तेही हप्त्यांशिवाय.

कव्हर आज कमी केलंत आणि पुढे वाढवायला गेलात, तर वाढीव रकमेपुरता जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ (म्हणजे त्या आजारांचा खर्च कंपनी देत नाही तो काळ) नव्याने सुरू होतो, तीन वर्षांपर्यंत. मधुमेह पाहून कंपनी वाढ नाकारूही शकते. जुन्या करप्रणालीत असाल, तर ज्येष्ठ आईवडिलांच्या प्रीमियमवर प्राप्तिकरात ५०,००० पर्यंत वजावट मिळते. घड्याळावर एक पैसाही नाही.

राहिला बाबांचा कंटाळा. बरेच लोक बोटाच्या मधोमध टोचतात, तिथेच जास्त दुखतं. कडेला टोचायला सांगा, रोज बोट बदला, आणि आधी हात धुऊन कोरडे करा. आंब्याचा रस बोटाला राहिला, तरी आकडा भलताच वर जातो.