आमच्या बॅचचा निरोप समारंभ शाळेच्या जिन्यावर झाला

तुम्ही विचारलंय, "यंदा आमची दहावीची बॅच शाळेतून बाहेर पडतेय, निरोप समारंभात बॅचतर्फे मला बोलायचंय. तुमच्या बॅचने हायस्कूलच्या वर्षांकडे मागे वळून पाहिलं तेव्हा काय आठवलं?"

मी २०२१ च्या बॅचची. आम्हाला निरोप समारंभ मिळाला नाही, बोर्डाची परीक्षा मिळाली नाही, शेवटच्या पेपरनंतर एकमेकांच्या शर्टावर पेनाने सह्या करणं मिळालं नाही. तरी तुमचा प्रश्न वाचल्यावर मी लगेच लिहायला बसले, कारण आमच्या बॅचला आठवायला खूप आहे आणि ते कुणी आम्हाला कधी विचारलं नाही.

माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. आमच्या भागात नदीला पाणी आलं की लोक आधी हात जोडतात. नृसिंहवाडीच्या देवळात दत्ताच्या पादुकांवरून वाहत पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. आजी मला दरवर्षी त्या स्नानाला न्यायची. आठवीपर्यंत पूर म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं, आजीचं बोट धरून जायचं आणि येताना ओल्या केसांनी बर्फी खायची.

२०१९ च्या ऑगस्टला आम्ही नववीत होतो. पाणी वाढायला लागलं तेव्हा गावातले सगळे २००५ चा पूर काढून बसले. "तवा पारापतूर आलतं, त्याच्या वर येत नसतंय," असं आजोबा छातीठोकपणे सांगत होते. त्या भरवशावर निम्मं गाव घरातच थांबलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आम्हाला माडीवरून बोटीत उतरवलं. आईने कागदपत्रांची पिशवी घेतली, आजीने देव घेतले, आणि माझं दप्तर खालच्या खोलीत खुंटीला राहिलं. बोटीत बसल्यावर ते आठवलं, पण तेव्हा दप्तराचं नाव काढायची लाज वाटली. वडील मागे गोठ्याकडे बघत होते.

जयसिंगपूरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही बारा दिवस काढले.

परत आल्यावर आधी घरातला गाळ काढला, मग शाळेतला. वर्गातल्या भिंतीवर फळ्याच्या वरच्या कडेला लागून एक तपकिरी रेघ उमटली होती, पट्टीने मारल्यासारखी सरळ. बाकांच्या कप्प्यात चिखल घट्ट बसला होता. तो वास मी कशासारखा सांगू? शेणाचा नाही, नदीचाही नाही. भिजलेलं धान्य, रॉकेल आणि काहीतरी कुजलेलं असा मिळून. अजूनही पावसाळ्यात कधी जुनं कपाट उघडलं की तो नाकात येतो आणि पोटात ढवळतं.

आमच्या वर्गाला जे काम मिळालं ते सांगते, कारण माझ्या मते आमची बॅच तिथे बॅच झाली. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात शाळेची जनरल रजिस्टरं होती. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, का गेला, हे सगळं त्यात असतं. दाखला त्यावरूनच निघतो. ती चारी रजिस्टरं पाण्यात फुगून उशीएवढी झाली होती. क्लार्क सरांनी ती व्हरांड्यात टेबलावर मांडली आणि आम्हाला सांगितलं, "उन्हात धरायची नाहीत, पानं आखडतात. दोन पानांत वर्तमानपत्राचा कागद घाला, ओला झाला की काढा, दुसरा घाला. पान उचलताना श्वास धरा."

आम्ही खरंच श्वास धरायचो. ओलं पान दोन्ही कोपऱ्यांना धरून, खालून तळहात सरकवत उलटायचं. घाई केली की मधूनच सुटायचं. अलीकडच्या पानांवरची निळी शाई फुटली होती, नावांचे ढग झाले होते. जुन्या रजिस्टरातली काळी शाई मात्र जागची हलली नव्हती. आठवडाभर हे चाललं. मुलं गावभर फिरून रद्दी गोळा करायची, आम्ही मुली कागद बदलायचो. एका दुपारी माझ्यासमोर माझ्या मोठ्या आत्याची ओळ आली. इयत्ता आठवी. शाळा सोडल्याचं कारण, 'वडिलांच्या विनंतीवरून'. आत्या शाळा मध्येच सोडून सासरी गेली हे मला माहीत होतं. पण ते असं कागदावर, वळणदार अक्षरात लिहिलेलं असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. आजोबांनी विनंती केली होती. मी कागद घातला आणि पुढचं पान उलटलं, कारण मागे क्लार्क सर उभे होते. घरी मात्र रात्री आत्याला फोन केला आणि उगाचच इकडचं तिकडचं बोलत बसले.

मग दिवाळीआधी सहामाही आली. पुण्या-मुंबईकडून मदतीच्या ट्रकमधून वह्या आल्या होत्या, पेनं आली होती. पुस्तकं वरच्या वर्गातल्यांनी दिली. गणित भाग दोनचं एक पुस्तक आम्ही तिघी वापरायचो, सोमवार-मंगळवार माझ्याकडे. घरात भिंती ओल्या, आई सारखी खोकत असायची, वडील पंचनाम्याच्या मागे. तशात पेपर दिले. मार्क जेमतेमच पडले, वर्गातल्या बहुतेकांना. वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, "असू दे. वार्षिकला भरून काढू."

ती वार्षिक झालीच नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली आणि सहामाहीवर, आधीच्या चाचण्यांवर आम्ही दहावीत गेलो. तेव्हा आम्ही खूश होतो, खोटं कशाला सांगू.

दहावीचं वर्ष मी पटकन सांगते, कारण त्यातलं निम्मं मोबाइलच्या पडद्यावर गेलं. घरात एक फोन, तो वडिलांच्या खिशात, ते शेतातून आले की मला मिळायचा. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. पालकांचं संमतीपत्र घेऊन, मास्क लावून, एका बाकावर एकजण असे बसलो. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता. बाईंचा अर्धा चेहरा झाकलेला असायचा आणि तरी त्या रागावल्यात की हसतायत ते डोळ्यांवरून कळायचं.

माझ्या शेजारच्या रांगेतला एक मुलगा त्या काळात इचलकरंजीला मागावर जायला लागला. गणितात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे होता. लॉकडाऊनमध्ये वडिलांचं काम गेलं, यंत्रमाग परत सुरू झाले तसा त्याने स्वतःच खाडा न करता कामावर जायला सुरुवात केली. सर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. "परीक्षेला येतो की सर," म्हणायचा. आम्हाला कुणाला खरं वाटत नव्हतं.

एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला निर्बंध आले आणि शाळा पुन्हा बंद झाली. त्या शेवटच्या दिवशी आम्ही "उद्या ये गं लवकर" असं म्हणून घरी गेलो होतो. वीस एप्रिलला परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली. मी त्या रात्री रडले. दीड वर्ष मी एकच वाक्य धरून चालले होते, भरून काढू, भरून काढू. आता भरून काढायची जागाच उरली नव्हती.

मेच्या शेवटी निकाल कसा लावणार ते जाहीर झालं. प्रत्येक विषयाला १०० पैकी ३० गुण दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे आणि ५० नववीच्या निकालाचे. वाचता वाचता मला एकदम जाणवलं की ती सहामाही, तीन जणींत एक पुस्तक असताना दिलेली, ओल्या भिंतीला टेकून अभ्यास केलेली, तीच आमची बोर्डाची परीक्षा होती. आम्ही ती देऊन मोकळे झालो होतो आणि आम्हालाच माहीत नव्हतं.

मला याचा राग होता, आणि आजही थोडा आहे. सगळ्या राज्याला एकच सूत्र लावलं, त्यात पूर आलेल्या गावांची नववी आणि न आलेल्या गावांची नववी एकाच मापाने मोजली गेली. वेगळा विचार करता आला असता असं मला वाटतं. पण त्याच सूत्राने मागावर जाणारा तो मुलगा पास झाला. प्रत्यक्ष परीक्षा झाली असती तर त्या दिवशी तो केंद्रावर आला असता की नाही कोण जाणे. आला नसता तर त्याचं शिक्षण तिथेच संपलं असतं. निकालानंतर त्याने आयटीआयला प्रवेश घेतला. त्यामुळे 'अन्याय झाला' असं सरळ म्हणायला गेले की माझीच जीभ अडते.

१६ जुलैला निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. वेबसाइट तासन्‌तास उघडत नव्हती आणि आम्ही गच्चीवर रेंज शोधत फिरत होतो. पेढे वाटले तर शेजारचे काका हसत म्हणाले, "तुमचं काय बाबा, कोरोना बॅच!" नंतर कॉलेजात, ओळखीपाळखीत, हा शब्द इतक्यांदा ऐकला की मोजणं सोडलं. तुमच्या भाषणात कुणाच्या बॅचला असं नाव ठेवणारं वाक्य येणार असेल तर कृपा करून काढून टाका. ढकलपास म्हणायला एक सेकंद लागतो. ऐकणाऱ्याने दोन वर्षं काय ढकललं ते म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं.

आणि आता आमचा निरोप समारंभ.

निकालाला पुरता आठवडाही झाला नव्हता. पाऊस थांबेना. कोयनेतून पाणी सोडलं, पंचगंगेचं वाढलं, गावात पुन्हा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या चर्चा सुरू झाल्या. यावेळी २००५ चं नाव कुणी काढलं नाही, सगळ्यांच्या भिंतीवर २०१९ ची रेघ होती. २३ जुलैला सकाळी आमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एवढंच टाकलं, "रजिस्टरं खालीच आहेत का?"

अर्ध्या तासात आम्ही चौदा जण शाळेत होतो. आता आम्ही शाळेचे विद्यार्थीही नव्हतो. क्लार्क सर एकटेच कपाट उघडून उभे होते, आम्हाला बघून काही बोलले नाहीत, नुसत्या चाव्या हातात दिल्या. जिन्याच्या प्रत्येक दोन पायऱ्यांवर एकजण असे आम्ही उभे राहिलो, खालून वर, पहिल्या मजल्यापर्यंत. आधी रजिस्टरं गेली. मग हजेरीपत्रकं, प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, काचेची भांडी, कॉम्प्युटर, नकाशांच्या गुंडाळ्या, लायब्ररीची पुस्तकं, शेवटी सरस्वतीचा फोटो. माझ्या खालच्या पायरीवर मागावर जाणारा तो मुलगा होता. त्या दिवशी त्याने कामावर खाडा केला होता. तो वस्तू वर देताना नाव घेऊन द्यायचा, "हे धर, भूगोल. हे धर, आठवी ब." सगळे मास्कमध्ये, घामाने निथळत. वर्गशिक्षिका बाई सामान बांधून जयसिंगपूरला निघाल्या होत्या, वाटेत गाडी थांबवून आल्या. जिन्याच्या तळाशी उभ्या राहून त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, आम्ही वरून "हजर बाई" म्हणत गेलो. मास्तरकीची सवय म्हणून त्यांनी केलं असेल, की किती जण जिन्यावर आहेत ते मोजायला, मी कधी विचारलं नाही. चौदा नावं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता घरी जा. आईला मदत करा." आणि पदराने डोळे पुसत गाडीत बसल्या.

तुम्ही विचारलंत तेव्हा मला हा जिना आठवला. तुमच्या बॅचकडे पूर नसेल, नसावाच. पण असा एखादा जिना असेलच, जिथे तुम्ही सगळे एकाच कामाला लागला होतात. गॅदरिंगचा मांडव असेल, कबड्डीचं मैदान आखलेलं असेल, कुणाच्या घरी काही वाईट घडलं तेव्हा सगळे मिळून गेलेले असाल. 'शाळेने आम्हाला घडवलं' हे वाक्य दरवर्षी प्रत्येक शाळेत होतं. तुम्ही त्या एका दिवसाचं सांगा. कोण कुठे उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं, कुणी काय म्हटलं, तेवढंच सांगा. जे त्या दिवशी हजर होते त्यांना पुरेल.

पूर ओसरल्यावर मी गुणपत्रिका आणि दाखला आणायला गेले. शाळेच्या भिंतीवर जुन्या रेघेच्या थोडं खाली दुसरी रेघ आली होती. क्लार्क सरांनी वरच्या मजल्यावरच टेबल मांडलं होतं. त्यांनी आमचं रजिस्टर उघडलं. पानं अजून वेडीवाकडी, पापडासारखी कडक, उलटताना कडकड वाजणारी. माझी ओळ सापडली. निळी शाई पसरली होती, पण नाव वाचता येत होतं, आईचंही येत होतं. सरांनी पेनाचं टोपण काढलं, ओळीच्या टोकाच्या रकान्यापाशी थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ नीट, काय लिहितोय ते."

शाळा सोडल्याचं कारण, एस. एस. सी. उत्तीर्ण. यावेळी पेनात काळी शाई होती.