विमान हवेत असतानाच बिघाड जमिनीवर कळत असेल, तर उतरल्यावर तपासणीला इतका वेळ का लागतो?

उडत्या विमानातील यंत्रणांची माहिती जमिनीवर पोहोचत असताना, ते उतरल्यानंतर अभियंत्यांना सगळे पुन्हा का तपासावे लागते, असे आपण विचारले आहे. मी लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या वेळेत होणाऱ्या देखभालीत, काम करतो आणि असे संदेश रोज माझ्या पाहण्यात येतात. कोणती यंत्रणा तक्रार करते आहे हे त्या संदेशातून कळते, पण त्या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा विमान हाताखाली आल्यावरच सापडते. संदेशाचा मोठा लाभ आहे तो तयारीसाठी मिळणाऱ्या वेळेचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विमानातील सगळी मोजमापे अखंडपणे जमिनीवर येतात असा पुष्कळांचा समज असतो, परंतु तसे होत नाही. 1978 पासून वापरात असलेल्या एकार्स या संदेशप्रणालीचा मूळ व्हीएचएफ मार्ग, म्हणजे रेडिओ लहरींचा मार्ग, सेकंदाला 2,400 बिट इतक्याच वेगाचा आहे. उपग्रहाचा मार्ग वेगवान असला, तरी त्याला पैसे मोजावे लागतात. म्हणून उड्डाण, चढण आणि स्थिर उंचीवरील प्रवास या टप्प्यांवरची ठरावीक मोजमापे आणि मध्येच उद्भवलेल्या दोषांचे संकेतांक एवढेच सहसा पाठवले जाते. संपूर्ण नोंद विमानातील क्विक अ‍ॅक्सेस रेकॉर्डरमध्ये राहते आणि ती उतरल्यानंतर काढून घेतली जाते.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. विमान उतरायला दोन तास असताना, दुसऱ्या इंजिनाकडून येणाऱ्या ब्लीड हवेचा दाब कमी असल्याचा संदेश येतो. ही हवा इंजिनाच्या कंप्रेसरमधून काढलेली असते आणि केबिनमधील दाब, वातानुकूलन व पंखांवरील बर्फ रोखणे यांसाठी लागते. संकेतांकाचे पहिले दोन आकडे 36 असले, की प्रकरण हवेच्या या यंत्रणेचे आहे हे कळते. त्यानंतर आम्ही त्याच विमानाच्या मागील उड्डाणांच्या नोंदी उघडतो. हाच संदेश पूर्वी फक्त चढणीच्या वेळी येत होता आणि आज प्रथमच स्थिर उंचीवर आला असेल, तर दोष वाढतो आहे असे समजून भांडारातून या हवेचा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह मागवला जातो, माणसे नेमली जातात आणि मिनिमम इक्विपमेंट लिस्ट पाहिली जाते. ही यंत्रणा बंद ठेवून विमान पाठवता येईल का, आणि पाठवायचे झाल्यास उंचीची मर्यादा किंवा बर्फ साचेल अशा हवेतून न जाणे यांसारख्या कोणत्या अटी लागतील, हे त्या यादीवरून ठरते. एवढी तयारी झाल्यावर विमान येते, इंजिनाचे आवरण उघडले जाते आणि व्हॉल्व्ह उत्तम स्थितीत असल्याचे दिसते. त्याला दाबाची जाणीव करून देणारी बारीक नळीच जोडापाशी गळत असते. संदेश खोटा नव्हता, दाब खरोखरच कमी होता. मात्र संदेशावर विसंबून नुसता व्हॉल्व्ह बदलला असता, तर पुढच्या उड्डाणात तोच संदेश पुन्हा आला असता.

इंजिनाच्या बाबतीत ही छाननी अधिक नाजूक असते आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. एक्झॉस्ट वायूचे तापमान एकाएकी वाढलेले दिसले, की त्याच्या शेजारी इंधनाचा प्रवाह आणि आतील शाफ्टचा वेग ठेवून पाहावे लागते. तिन्ही एकाच वेळी सरकले असतील, तर इंजिनाच्या आत काही बदलले आहे असे मानून बोअरस्कोपने, म्हणजे इंजिनाच्या आत सरकवता येणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने, आतली ब्लेड (पाती) पाहणे योग्य ठरते. तापमान एकटेच वाढले असेल, तर संशय आधी मोजणाऱ्या सेन्सरवर आणि त्याच्या तारांवर जातो. त्याच हवेतून, त्याच वेळी उडणारे दुसरे इंजिन तुलनेसाठी उपलब्ध असते, ही मोठी सोय आहे.

संकेत विचित्र दिसला म्हणून तो चुकीचाच असेल असे मानणे किती धोक्याचे ठरू शकते, हे 24 ऑगस्ट 2001 रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए330 विमानाने दाखवून दिले. उजव्या इंजिनाच्या तेलाचे तापमान कमी आणि दाब जास्त दिसू लागला. वैमानिकांनी कंपनीच्या देखभाल केंद्राशी संपर्क साधला. परंतु या आकड्यांचा उलगडा तेथेही झाला नाही आणि संकेतच चुकीचा असावा असा वैमानिकांचा संशय राहिला. प्रत्यक्षात इंधनाची नळी फुटली होती, गळतीमुळे इंधन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाहत होते आणि इंधन व तेल यांच्यामधील उष्णता विनिमयकात ते तेलाला थंड करत होते. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर विमान तरंगत अझोर्स बेटांवरील लाजेश येथे उतरवले गेले आणि त्यातील सर्व 306 जण वाचले. तेलाचे आकडे खरे होते. ते इंधनाच्या हिशेबाशी जुळवून पाहिले गेले नाहीत.

राहिला विमान अडकून पडण्याचा प्रश्न. काही वेळा सुटा भाग त्या विमानतळावर नसतो, काही वेळा दुरुस्तीनंतर इंजिन चालवून चाचणी घ्यावी लागते. पण सर्वाधिक वेळ जातो तो हवेत येणाऱ्या आणि जमिनीवर नाहीशा होणाऱ्या दोषांमध्ये. 35,000 फुटांवर बाहेरचे तापमान उणे 54 अंश सेल्सिअसच्या आसपास असते; तेथे कनेक्टरमधील ओलावा गोठतो किंवा आकसलेली तार संपर्क सोडते, आणि खाली उतरेपर्यंत सारे पूर्ववत होते. चाचणी घेतली तर यंत्रणा ठीक असल्याचेच उत्तर मिळते. अशा वेळी त्या क्षणाची उंची, तापमान आणि उड्डाणाचा टप्पा यांसह आलेली हवेतील नोंद हाच आमच्याजवळचा पुरावा असतो. तिच्या आधारे त्या मार्गातील एकेक कनेक्टर उघडून, कोरडा करून, तपासून पुन्हा जोडावा लागतो, आणि अधिकृत अभियंत्याने लॉगबुकमध्ये सही केल्याखेरीज विमान सोडता येत नाही.