माळावर गाड्यांची वाट आखायची, तर गावाला विचारणार कोण?

प्रश्न : नमस्कार साहेब. आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रस्त्यापासून जरा आत. दर रविवारी सकाळी आमच्या माळावर जीपा आणि उंच मोटारसायकली येतात, वाटेल तिकडून घालतात. आता कानावर आलंय की तिथं त्यांच्यासाठी कायमचा ट्रॅक होणार. माझा पुतण्याही त्या पोरांत आहे, त्यामुळं सरसकट विरोध करवत नाही. पण माझी मेंढरं तिथंच चरतात. आम्हाला यात बोलायचा अधिकार आहे का?
– एक मेंढपाळ वाचक

उत्तर : अधिकार आहे, आणि तो आत्ताच वापरायला हवा. ट्रॅकवर मुरूम पडला, फीत कापली, की तुमचं म्हणणं ‘तक्रार’ ठरतं. आखणीच्या आधी मांडलं तर ती सूचना असते आणि तिची नोंद घ्यावी लागते. माझी सगळी नोकरी वनखात्यात, याच माळांवर गेली. उशिरा आलेले अर्ज फायलीत पडून राहिलेले मी पाहिलेत.

आधी माळ कुणाचा ते काढा. डोळ्यांना सगळं एकसारखं कुसळी गवत दिसतं, पण कागदावर त्यात गायरान असेल, वनखात्याची जमीन असेल, नाहीतर माळढोक अभयारण्याचा भाग असेल. सातबारा आणि गावनकाशा काढून गट नंबर लावून बघा. जुन्या माणसांच्या आठवणीवर जाऊ नका. १९७९ साली झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र एकेकाळी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, ते पुढे सुमारे १,२२२ वर आणलं गेलं. तेव्हा आत असलेले गट आज बाहेर असू शकतात.

जमीन अभयारण्यात निघाली तर प्रश्न बराच सुटतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय आत शिरता येत नाही आणि कलम २९ प्रमाणे अधिवासाची नासधूस करता येत नाही. पर्यटनासाठी परवाना मिळू शकतो, पण अटींवर. याच कायद्यात कलम ३३-ब खाली सल्लागार समितीची तरतूद आहे. तिच्यात आमदारांबरोबर पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात, वन्यजीवांसाठी काम करणारी माणसं असतात, आणि आसपासच्या लोकांचा सहभाग हा तिच्या कामाचाच भाग आहे. तुमच्या भागातून त्या समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

गायरान असेल तर तुमची ताकद ग्रामसभेत आहे. गायरान गुरांच्या चराईसाठी राखलेलं असतं, ते रविवारच्या हौसेसाठी परस्पर देऊन टाकता येत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून सरपंचांना आधी लेखी द्या, आणि ठराव झाला की इतिवृत्ताची नक्कल घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

आता नुकसानीचं. तुम्ही ते रोज बघता, पण कार्यालयात बसलेल्याला ते लिहून द्यावं लागतं. आपल्याकडच्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. ओल असताना एक जीप गेली की चाकोरी पडते, पुढचं पाणी तिच्यातूनच धावतं, आणि काही पावसाळ्यांत तिचा ओघळ होतो. मग ओघळ टाळायला पुढची गाडी शेजारून जाते. अशा एकीच्या चार वाटा झालेल्या मी मोजल्यात, आणि चारही वाटांत गवत परत आलेलं नाही. उन्हाळ्यात माळटिटवी उघड्या मुरमावरच्या खळग्यात अंडी घालते, बहुधा चार, रंग मुरमासारखाच. पायी जाणारा माणूस तिचा आरडाओरडा ऐकून थबकतो. इंजिनाच्या आवाजात तो कुणालाच ऐकू येत नाही.

अमेरिकेनं हे आधी भोगलंय. तिथल्या सरकारी जमिनींवर अशा गाड्या फार वाढल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ८ फेब्रुवारी १९७२ रोजी आदेश काढला : वाटा ठरवताना माती, पाणलोट, झाडोरा आणि वन्यजीव यांची हानी कमीत कमी व्हावी, इतर वापरणाऱ्यांशी तंटे कमी व्हावेत, आणि ठरवण्याआधी लोकांना आपलं म्हणणं मांडायची पुरेशी संधी मिळावी. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली, की मोठं नुकसान होताना दिसलं तर ती जागा त्या गाड्यांना ताबडतोब बंद. पुढे २००५ मध्ये तिथल्या वनसेवेनं नियम केला : कुठल्या वाटेवर कुठली गाडी चालेल आणि वर्षातल्या कुठल्या काळात, हे नकाशावर छापायचं. नकाशात नसलेली वाट बंद. तो कायदा आपल्याकडे लागू नाही. पण नकाशा आधी, गाडी नंतर, हा क्रम ग्रामसभेच्या ठरावात घालायला आपल्याला कुणाची आडकाठी आहे?

म्हणून पुतण्याला बरोबर घ्या आणि गावनकाशा हातात धरून माळ पायी फिरा. मेंढरं पाण्याला कुठून जातात, गवत कापणीला कुठलं राखलंय, कुठल्या उतारावर ओघळ पडलेत, हे त्याच्याच हातानं नकाशावर काढून घ्या. लांडग्याची घळ मात्र नकाशावर दाखवू नका. ती जागा वनरक्षकाला तोंडी सांगा. पिल्लं बघायला गर्दी झाली तर मादी घळ सोडते.

प्रश्न : आम्ही गाड्या चालवतो म्हणजे गुन्हेगार का? सोलापुरात आम्हाला हक्काची जागा नको का?
– जुळे सोलापुरातला एक वाचक

उत्तर : गुन्हेगार नाही, आणि जागा हवीच. फक्त ती गवताची नको. मुरूम काढून सोडलेल्या खाणी, पडीक खडी क्रशर, अशा आधीच उकरलेल्या जमिनी शोधा, मालक कोण ते काढा आणि गटानं लेखी मागणी करा. सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावायची तर शासनाची लेखी संमती लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ बघा. आणि ज्या गावाच्या शिवेत जागा आहे तिथल्या ग्रामसभेला स्वतः हजर राहा. पावसाळ्यात ट्रॅक बंद ठेवू, ठरल्या वाटेबाहेर गेलेल्या गाडीला गटातून काढू, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. अर्जावर चालवणाऱ्या प्रत्येकाची सही आणि गाडीचा नंबर असू द्या.