वाचकांचे प्रश्न : माडीवरची पावले

प्रश्न : गेल्या मे महिन्यात सासऱ्यांचे निधन झाले आणि द्राक्षबागेकडे पाहणारे कोणी उरले नाही, म्हणून नाशिकमधील फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या गावी, मिस्टरांच्या वडिलोपार्जित वाड्यात राहायला आलो. वाडा दोनमजली, दगडी जोत्याचा, पांढऱ्या मातीच्या भिंतींचा असून वर पत्रे आहेत. दिवाळीनंतर रात्री माडीवर कोणीतरी चालत असल्याचा आवाज येऊ लागला. कधीकधी मध्यरात्री आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास येतो, चूल मात्र केव्हाच विझलेली असते. थंडी फार असल्यामुळे सासूबाई माजघरात कोळशाची शेगडी ठेवतात आणि दारे-खिडक्या लावून आम्ही सगळे तिथेच झोपतो. पण तिथे माझे डोके जड होते, मळमळते, धडधडते आणि कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असे वाटत राहते. अंगणात आले की बरे वाटते. मागची एक खोली कायम कुलूपबंद असते. तिथे मिस्टरांच्या चुलत आजी बाळंतपणात गेल्या, एवढेच सासूबाई सांगतात. गावातील एका भगताने वाड्यात बाईचा वावर असल्याचे सांगून, अमावास्येला मला त्या खोलीत बसवून मिरच्यांची धुरी देण्याचा उपाय सुचवला आहे. नऊ वर्षांची मुलगी आता एकटी मोरीतही जात नाही. आम्ही शहरात परत जावे काय?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील शेगडीचा उल्लेख वाचून अंक छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला आधीच कळवले आहे, तरीही अन्य वाचकांसाठी तेच पुन्हा लिहितो : ती शेगडी माजघरातून बाहेर काढा. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, धडधड आणि मोकळ्या हवेत आल्यावर हलके वाटणे ही त्याचीच लक्षणे आहेत. १९२१ साली विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्या घरातील माणसांना रात्री पावले ऐकू येत, अनोळखी आकृती दिसत, मुले निस्तेज झाली होती. अखेरीस दोष निघाला तो घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीत. तुमच्या घरी तीन पिढ्या एका खोलीत झोपतात, त्यामुळे कोणालाही पुन्हा असा त्रास झाला तर सगळ्यांनी लगेच अंगणात यावे आणि दवाखाना गाठावा. सासूबाईंना थंडी वाजत असेल तर एक जादा गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी पुरे.

आता माडीविषयी. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे; दुपारी कडक ऊन आणि पहाटे पारा एक आकडी, असे तिथे हिवाळ्यात अनेकदा घडते. उन्हाने तापलेला बारा फुटी पत्रा रात्री चाळीस अंशांनी थंडावला तर दीड मिलिमीटरहून अधिक आखडतो. खिळ्याने धरून ठेवलेला पत्रा सरकायला अडतो आणि मग एकदम सुटतो. पत्र्यांची ओळ एका टोकापासून अशी सुटत गेली की खालच्या माणसाला कोणीतरी एकेक पाऊल टाकत चालल्याचा भास होतो. मी स्वतः अशा वाड्यात वाढलो आहे आणि ती टणटण ऐकत श्वास रोखून पडून राहिलेलो आहे, त्यामुळे नुसते स्पष्टीकरण कळल्याने छातीतली धडधड थांबत नाही हे मला ठाऊक आहे.

मात्र मध्यरात्रीनंतर जड पावले वाजत असतील तर ते बहुधा उदमांजर असावे. जुन्या घरांचे माळे त्याला प्रिय असतात, फळे त्याला आवडतात, आणि तुमच्या वाड्याच्या आसपास तर द्राक्षांचे मळेच आहेत. तुम्हाला येणाऱ्या वासाचा उलगडाही इथेच होतो, असे मला वाटते : उदमांजराच्या अंगच्या गंधाला सुवासिक भातासारखा वास असतो. खात्री करण्याचा मार्ग आपल्याच घरांत आहे. माणूस गेल्यावर दिव्यापाशी पीठ पसरून सकाळी त्यावर कोणाचे पाऊल उमटले ते पाहण्याची रीत तुम्हाला माहीत असेलच. तसेच माडीच्या जमिनीवर रात्री राख चाळून ठेवा आणि सकाळी मुलीला कडेवर नव्हे, बोटाला धरून वर न्या. पाच बोटांचा लहानसा पंजा दिसला तर ते उदमांजर, चार बोटांचा दिसला तर मांजर, आणि बारीक पावलांमधून शेपटीची रेघ गेली असेल तर उंदीर. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला ठसा मुलीला जो धीर देईल, तो तुमच्या-माझ्या शब्दांनी येणार नाही.

भगताच्या उपायाला स्पष्ट नकार द्या. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत नाव घेऊन नमूद आहेत. त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद असून तक्रार थेट पोलीस ठाण्यात करता येते. सासूबाईंना घरात शांत किंवा सत्यनारायण करावासा वाटत असेल तर त्याला हा कायदा आड येत नाही, आणि तुम्हीही येऊ नका.

राहिली ती बंद खोली, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. त्या घरात एक तरुण बाई बाळंतपणात गेली. त्या काळी गावात डॉक्टर नसे, रक्त मिळत नसे, बैलगाडीने तालुक्याला पोचेपर्यंत सगळे संपलेले असे. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असे मानून आपल्या समाजाने कितीतरी सुनांचे नावसुद्धा घरात घेतले नाही. जिने सर्वांत जास्त सोसले तिचीच भीती पुढच्या पिढ्यांना दाखवली. याचे मला मनापासून दुःख होते. सासूबाई एवढेच सांगतात असे तुम्ही लिहिता. कदाचित एवढेच सांगायचे अशी सक्त ताकीद त्यांना नवी सून म्हणून आल्यावर मिळाली असेल. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून त्या आजींचे नाव विचारा, माहेर विचारा, त्यांच्या हातचे काय चांगले होत असे ते विचारा. मग दोघींनी मिळून भर उजेडात कुलूप काढा. कदाचित आत एखादी पत्र्याची ट्रंक, एखादे इरकली लुगडे, फुटका पाळणा सापडेल. फोटो मिळाला तर तो देवघराजवळ लावा, आणि खोली मुलीच्या अभ्यासाला द्यायची की धान्याला, हे त्यानंतर ठरवा.

खोली उघडताना हातात काठी आणि विजेरी मात्र असू द्या, कारण जुन्या वाड्यात भिण्याजोग्या गोष्टी खरोखरच असतात. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, आणि पहाटे कोणाचे पोट विनाकारण दुखू लागले वा पापण्या मिटू लागल्या तर भगताकडे न जाता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. वाड्यात धान्याचे पेव असेल तर त्यात कोणालाही उतरू देऊ नका, तिथे प्राणवायू संपलेला असतो. जुन्या वायरी बदलून गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवा. सर्वांत महत्त्वाचे, पांढऱ्या मातीची भिंत पाणी प्यायली की एका रात्रीत खचते, तेव्हा पावसाळ्यापूर्वी जाणत्या गवंड्याकडून भिंती आणि खांबांचे बुंधे ठोकून तपासून घ्या. त्याने वाडा धोक्याचा ठरवला तर एक दिवसही न थांबता शहरात परत या. भिंती भक्कम निघाल्या तर राहा.

प्रश्न : मी पंचवटीतील एका जुन्या वाड्यात भाड्याने राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पहाटे जाग येते तेव्हा छातीवर कोणीतरी बसलेले असते, ओरडता येत नाही, हातही हलत नाही. खोली बदलू काय?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : स्वप्ने पडणाऱ्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नात धावताना आपण खरोखर धावत नाही. कधीकधी मन आधी जागे होते आणि शरीर काही क्षण मागे राहते. त्या वेळी छातीवरचा भार आणि खोलीत कोणीतरी असल्याची जाणीव दोन्ही येतात. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. अपुरी आणि अवेळी झोप हे त्याचे नेहमीचे कारण आहे, त्यामुळे खोली बदलण्याआधी रात्री दोनपर्यंतचे जागरण बंद करा, कुशीवर झोपा, आणि पुन्हा तसे झाले तर पूर्ण हात उचलण्याची धडपड न करता फक्त पायाचे एक बोट हलवण्याचा प्रयत्न करा. आठवड्यातून अनेकदा होऊ लागले किंवा दिवसाही अनावर झोप येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा.